आमची पद्मिनी

मथळ्यातील नाव वाचून चितोडच्या राणीची कथा ऐकावयास मिळेल, अशा आशेने जे बालवाचक पुढे सरसावले असतील, त्यांची निराशा आधीच करून टाकलेली बरी. ही पद्मिनी चार चाकांची होती. नाव राणीचे खरे. पण आमच्या दारी येईपर्यंत तिचा राणीपणा बराच ओसरला होता.

हे लिहिण्यास निमित्त झाले ते असे. इयत्ता नववीच्या वर्गात उष्णतेचा पाठ चालू असता मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने मध्येच विचारले, "सर, तुम्ही तरुण असताना कोणती गाडी चालवीत होता?" प्रश्न पाठास सोडून होता, म्हणून मी "पुढे केव्हातरी सांगेन" असे म्हणून वेळ मारून नेली. खरे कारण निराळेच होते. त्या गाडीची हकीकत सांगू लागलो म्हणजे तिच्याबरोबर माझी एक लाजिरवाणी गोष्टही सांगणे प्राप्त होते, आणि चाळीस मुलांसमोर तोंडाने ती सांगण्याचा धीर मला झाला नाही. लेखणीने सांगणे त्या मानाने सोपे जाते.

आज शाळेच्या फाटकाशी पाच मिनिटे उभे राहिले तर दहा जातींच्या मोटारी दिसतात. माझ्या बाळपणी, म्हणजे १९९० च्या आगेमागे, आमच्या नगरात मोटारींच्या जाती मोजावयास एका हाताची बोटे पुरत. (नगर म्हणजे अहमदनगर, २०२४ पासून ते अहिल्यानगर झाले आहे.) बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होणारी धिप्पाड अँबेसेडर ही साहेबांची व पुढाऱ्यांची गाडी. १४ डिसेंबर १९८३ रोजी जिची पहिली किल्ली एका ग्राहकाच्या हाती देण्यात आली, ती मारुती ८०० ही हलकी, चपळ आणि आम्हां मुलांच्या दृष्टीने स्वर्गीय गाडी. या दोहोंच्या मध्ये आमची फियाट. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या नमुन्यावरून ही गाडी बने. पुढे तिचे नामकरण 'प्रीमियर पद्मिनी' असे झाले, तरी लोक अखेरपर्यंत तिला फियाटच म्हणत. तिच्या आधीच्या गोलसर गाडीला तर मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' असे नाव ठेविले होते, आणि त्यात प्रेमच अधिक होते. एके काळी नवी गाडी हवी असल्यास पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे जुन्या गाडीलाही मान असे.

माझे वडील हायस्कुलात शिक्षक होते. १९९३ साली त्यांनी भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून एका निवृत्त डॉक्टरांची चौदा वर्षे वापरलेली दुधी रंगाची पद्मिनी विकत घेतली. गाडी आमची म्हणावी, पण ती साऱ्या कंपाउंडाची होती. कोणाची बाळंतीण दवाखान्यात न्यावयाची आहे, नवरीला मंदिरात पोहोचवावयाचे आहे, नाताळात गाणारी मुले घरोघर फिरवावयाची आहेत, की आलेच कोणीतरी "मास्तर, गाडी मिळेल का?" म्हणत. बाबांनी कोणास नाही म्हटल्याचे मला आठवत नाही. पेट्रोलचे पैसे मागितल्याचेही आठवत नाही. आई मात्र ते हिशेबाच्या वहीत मांडून ठेवी.

तिची पुढची बैठक सलग बाकासारखी होती आणि गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबाला बसविलेला असे, म्हणून पुढे तिघांस ऐसपैस बसता येई. आम्ही पाच बसत असू. दाराच्या काचेपुढे एक लहानशी तिकोनी काच होती. ती तिरपी केली की वाऱ्याचा झोत थेट तोंडावर येई. आजच्या थंड हवेच्या यंत्राने मला तो आनंद कधी दिला नाही. हिवाळ्यात सकाळी चोक ओढून, तिची मनधरणी करून तिला जागे करावे लागे. तरीही न जुमानल्यास शेजारचे लोक बोलावल्यावाचून धक्का मारावयास येत. पेट्रोल, तापलेले रेक्झिन आणि आजीच्या डब्यातील लसणाची चटणी यांचा मिळून जो वास तीत भरलेला असे, तो मी आजही डोळे मिटून ओळखीन.

१९९८ साली मला अठरावे लागले आणि बाबांनी भल्या पहाटे मैदानावर मला गाडी शिकविण्यास आरंभ केला. पहिले आठ दिवस त्यांनी किल्ली हाती दिलीच नाही. बॉनेट उघडावे, रेडिएटरमधील पाणी पाहावे, तेलाची काडी पुसून पुन्हा बुडवावी, बॅटरीचे पाणी पाहावे, एवढाच धडा. "आधी तिला पाणी, मग आपल्याला चहा," असे ते म्हणत. मला या गोष्टीचा मनस्वी कंटाळा येई. माझ्या मित्राच्या घरी मारुती होती आणि तो तर बॉनेट उघडल्यावाचून भुर्रकन निघून जाई.

१९९९ च्या मे महिन्यात आजीच्या डोळ्यांतील मोतीबिंदू काढावयाचे ठरले. नेवासे तालुक्यातील तिच्या गावाहून तिला घेऊन येण्याचे काम बाबांनी प्रथमच माझ्या एकट्यावर सोपविले. मी आदल्या सायंकाळी गेलो, रात्री राहिलो, आणि सकाळी चहा घेऊन तसाच निघालो. पाणी पाहिले नाही. विसरलो नव्हतो; 'एक दिवस न पाहिल्याने काय होते' असे मनात म्हटल्याचे मला स्वच्छ स्मरते.

इमामपूरचा घाट चढताना बॉनेटखालून वाफ येऊ लागली. मी गाडी कडेला घेतली, आजीला लिंबाखाली बसविले, आणि हाताला फडके गुंडाळून टोपण फिरविले. उकळत्या पाण्याचा फवारा मनगटावर आला. तो डाग अजून आहे. त्यानंतर मी जे केले ते त्याहून वाईट होते. आजीजवळ पिण्याच्या पाण्याची कळशी होती. इंजिन निवण्याची वाट न पाहता मी ती सबंध कळशी रेडिएटरात उपडी केली. तापलेल्या काचेच्या पेल्यात गार पाणी ओतल्यास काय होते, हे माझ्या वर्गातील कोणीही मुलगा सांगेल. इंजिनाचे हेड वाकले. एका रिकाम्या ट्रकमागे दोर बांधून आम्ही नगरात आलो. आजी मागल्या बैठकीवर मिरवणुकीत बसल्याप्रमाणे ताठ बसून होती.

बाबांनी विचारले, "सकाळी पाणी पाहिले होतेस ना?"

मी म्हणालो, "हो, बाबा."

आठच दिवसांपूर्वी आमच्या मिस्त्रींनी रेडिएटरची रबरी नळी बदलली होती. त्यांना सारे गाव उस्ताद म्हणे. नळीच नीट बसविली नसेल, असे बाबांनी ताडले, आणि माझ्यादेखत, गॅरेजातील चार पोरांसमोर, ते उस्तादांना फार कठोर बोलले. वीस वर्षांच्या ओळखीत तसे ते कधी बोलले नव्हते. उस्तादांनी एकवार माझ्याकडे पाहिले आणि "बघतो, मास्तर," एवढेच म्हणाले. हेड उतरवून, घासून, नवे गॅस्केट घालून गाडी आठवड्याने परत आली. त्यांनी सामानाचे पैसे घेतले. मजुरी घेतली नाही. बाबांना तो अपराधाचा कबुलीजबाबच वाटला.

मी गप्प राहिलो. एक दिवस नव्हे, सतरा दिवस.

आजीची शस्त्रक्रिया उत्तम झाली. पट्टी सुटल्यावर मी तिला विचारले, "आजी, आता नीट दिसते ना?" ती म्हणाली, "आता चांगले दिसते रे बाळा. पण त्या दिवशी सकाळी ओट्यावरून दिसायचे तेवढे मला दिसले होते."

त्याच सायंकाळी मी गॅरेजात गेलो. मी बोलू लागताच उस्तादांनी खण उघडून ती रबरी नळी माझ्या हाती दिली. ती कोठेही फुटलेली नव्हती. "मी पहिल्याच दिवशी पाहिली," ते म्हणाले. मग बाबांना का सांगितले नाही, असे मी विचारले. "मास्तर रागात होते. तुला मार बसला असता. मला काय, दोन शब्दच बसले."

रात्री जेवणानंतर मी बाबांना सर्व सांगितले. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी चहाही न घेता ते पायी गॅरेजात गेले. तेथे दोघांचे काय बोलणे झाले ते मला कोणी सांगितले नाही. परत आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर तेलकट हाताचा पंजा उमटला होता. आईने तो डाग घालविण्यास फार खटपट केली. तो पुरता कधी गेला नाही.

मला शिक्षा झाली ती अशी: नाताळापर्यंत किल्ली बंद, परंतु रोज सकाळी बॉनेट उघडून पाणी, तेल व बॅटरी पाहावयाची ती मीच. गाडी चालवावयाची नाही आणि तिची सेवा मात्र करावयाची, हे मला प्रथम फार जाचले. पण त्या सात महिन्यांतच मला तिची ओळख झाली. कोणता आवाज कशाचा, कोणता थेंब कोठला, हे मी त्या दिवसांत शिकलो, आणि पुष्कळसे उस्तादांच्या शेजारी बसून शिकलो.

गाडी २००५ साली विकली. त्या वेळी मी नोकरीस लागलो होतो आणि बाबांना सुकाणू वळविणे जड जाऊ लागले होते. उस्ताद आता नाहीत. त्यांच्या गॅरेजाच्या जागी मोबाइलचे दुकान आहे. २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी निघून गेली. वीस वर्षांची मर्यादा भरली होती. तारदेवच्या परिवहन कार्यालयात तिची नोंद २९ ऑक्टोबर २००३ ची होती. ते वर्तमान मी वृत्तपत्रात दोनदा वाचले.

माझ्या हल्लीच्या गाडीत इंजिन तापल्यास दिवा लागतो. तिचे पाणी महिनोन् महिने पाहिले नाही तरी चालते, असे विकणाऱ्याने मला आवर्जून सांगितले होते. तरी शाळा सुटल्यावर मी बॉनेट उघडून वाकतोच, आणि वरच्या मजल्यावरील खिडकीतून मुले हसतात. तो प्रश्न विचारणारा मुलगा त्यांतलाच होय.