कूटलेख



दशलक्षण पर्वात आपण तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचतो. सातव्या दिवशी सातवा. त्यात सत्याणुव्रताचे पाच अतिचार येतात, त्यांतला एक कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा दस्त करणे. तिथे आले की मला कधीही न पाहिलेला एक सिनेमा आठवतो.

बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’, 1925 सालचा मूकपट, कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा. कथा नारायण हरी आपटे यांची. पडद्यावर देवादिकांची गर्दी असताना पेंटरांनी कर्जात बुडालेला शेतकरी दाखवला. सावकार त्याला फसवतो, जमीन जाते आणि तो शहरात गिरणी कामगार होतो. तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम यांनी केलं होतं. अंधारी झोपडी आणि रडणारं कुत्रं या दृश्याबद्दल जाणकार अजून लिहितात. 1936 मध्ये पेंटरांनीच त्याचा बोलपटही काढला.

शेतकऱ्याचं घर दिसतं, ते बरोबरच आहे. पण सावकाराच्या घरातही लेकीबाळी असतात. त्यांच्या ताटात काय वाढलंय ते त्यांना कोण सांगणार?

आमच्या घरी आजोबांची सावकारी होती, निजामाच्या काळातली, रुपये हाली शिक्क्याचे. माळ्यावर वह्या होत्या. मोडी मला येत नाही, पण बी.कॉम. झालेल्या बाईला आकडे कळतात. कीर्दीत एका तिथीला 200 रुपये गेलेले. खतावणीत त्याच तिथीला, त्याच नावावर 300. एकदा असतं तर कारकुनाची चूक म्हटलं असतं. तसं बऱ्याच पानांवर आहे. मोडी जाणणाऱ्या एका सरांकडून मी नावं वाचून घेतली. त्यांतल्या एकाची आठ एकर जमीन आज आमच्या सातबारावर आहे.

हेच आजोबा दरवर्षी कुंथलगिरीला जायचे, रात्री पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. ते ढोंग होतं असं मला वाटत नाही. त्यांच्या डोक्यात देवघर आणि पेढी या दोन वेगळ्या खोल्या होत्या.

2014 च्या सावकारी कायद्यात सावकाराने बळकावलेली जमीन परत मिळण्याची सोय आहे, पण व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला लागतो. आमचा कधीच बाहेर गेला. त्यामुळे भाऊ निर्धास्त आहे. त्याला ते रान विकायचंय आणि त्यासाठी माझं हक्कसोडपत्र हवंय. “ताई, शंभर वर्षांपूर्वीचं उकरून काय मिळणार?” म्हणतो. शंभर नाही, ऐंशीच्या आतबाहेर. हिशेबात तरी बरोबर बोलावं.

त्या शेतकऱ्याचा नातू पुण्याला कुठल्याशा कंपनीत कामाला आहे, असं गावात कळलं. पत्ता आणून दे, असं भावाला सांगितलंय. कागद माझ्या कपाटात आहे, सही केलेली नाही.