लोधीखेड्याच्या वाटेवर झुकलेल्या सायकली

लोधीखेड्याला आमची थोरली बहीण दिली आहे. इंदुरात आमच्या घराण्याची ही चौथी पिढी नांदत आहे. तरी वर्षाकाठी एकदा लोधीखेड्याची वारी झाल्यावाचून वर्ष पुरे झाल्यासारखे वाटत नाही. सौसर तहसिलीतला हा लहानसा गाव. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याबरोबर सौसर-पांढुर्ण्याचा हा मराठी मुलूखही इकडेच राहिला. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा लोधीखेडा त्यात आला. कचेरीच्या पाट्या हिंदीत आणि बाजारातला घासाघिशीचा व्यवहार नागपुरी वळणाच्या मराठीत, असा येथला रिवाज आहे.

पूर्वी नागपूरहून छिंदवाड्याला जाणारी अडीच फुटी रुळांची लहान गाडी लोधीखेड्याला थांबत असे. सायकल न्यावयाची झाली तर ती ब्रेकव्हॅनमध्ये चढवावी, पावती खिशात घालावी आणि निश्चिंत व्हावे. २०१५ साली ती गाडी बंद झाली व पुढे त्या मार्गावर रुंद रूळ आले. आम्ही मात्र अलीकडे पुतण्याच्या मोटारीनेच जातो. बैतूल, मुलताई, पांढुर्णा, सौसर असा तो रस्ता.

गेल्या डिसेंबरात निघालो तेव्हा बरोबर दोन सायकली होत्या. एक पुतण्याची, गिअरची, हलकी. दुसरी आमच्या कैलासवासी वडिलांची जुनी काळी सायकल, वजनाने वीस किलोच्या घरातली. बहिणीच्या नातवाने ती आग्रहाने मागितली होती. दोन्ही सायकली मोटारीच्या पाठीमागे कॅरियरवर बांधल्या. या कॅरियरची रचना सोपी असते. मोटारीच्या सांगाड्याला मागे एक चौकोनी पोकळ नळी पक्की केलेली असते. तिच्यात कॅरियरचा चौकोनी दांडा सारावयाचा, दोहोंच्या आरपार जाड खीळ घालावयाची आणि पुढच्या फाळक्यावर सायकली ठेवून पट्ट्यांनी आवळावयाच्या. डिकी उघडता यावी म्हणून दांड्याला मध्ये एक बिजागरीही असते.

मुलताईला तापीच्या कुंडाचे दर्शन घेऊन पुढे निघालो. पांढुर्ण्याच्या अलीकडे एक मोटारसायकल मागून भोंगा वाजवीत आली. चालविणारा गृहस्थ हाताने थांबण्याची खूण करीत होता. मागे त्याची बायको व तिच्या मांडीवर दोन-अडीच वर्षांचे मूल. आम्ही उतरून पाहिले. कॅरियरचे टोक दोन बोटे खाली आले होते, प्रत्येक खड्ड्यागणिक सायकली माना डोलवीत आल्या होत्या आणि बिजागरीच्या एका बोल्टचा नट शेवटच्या आट्यावर लोंबकळत होता. आणखी पाच-दहा मैल गेलो असतो, तर त्या सायकली कोणाच्या अंगावर पडल्या असत्या हे सांगावयास नको. ते मूल आमच्याकडे पाहून हसत होते. आमच्या सौभाग्यवतींनी त्याच्या हातावर खाऊ ठेवला; आमच्या तोंडून मात्र धड आभारही फुटेनात.

पुतण्याने नट आवळला, कॅरियरच्या टोकाला दोर बांधून तो टपाच्या कठड्याला ताणला आणि बैलगाडीच्या चालीने आम्ही लोधीखेडा गाठला. “दोर आहे ना काका, आता चिंता नाही,” असे तो म्हणाला खरा; परंतु दोराने टोक वर उचलले होते, ते खाली का आले याचे उत्तर मिळाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुण्यांनी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेले. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी लोधीखेड्याचे नाव जुन्या काळी दूरवर घेतले जाई, त्यामुळे ठोकण्या-घडविण्याचा आवाज या गावाला नवा नाही. या मिस्त्रींचे वडील बंड्या बनवीत. यांच्या हाती आता वेल्डिंगचा दांडा आहे. त्यांनी प्रथम दोर सोडावयास लावला, सायकली उतरविल्या आणि सपाट अंगणात मोटारीच्या मागच्या बंपरची जमिनीपासूनची उंची काठीने मोजली. सायकली चढवून पुन्हा मोजली. मोटारीची पाठच बसली असती, तर दोष स्प्रिंगांचा ठरला असता; पण फरक जेमतेम अर्ध्या बोटाचा निघाला. मग त्यांनी रिकाम्या कॅरियरचे टोक हाताने उचलले. ते सहज सरळ रेषेत आले आणि सोडताच पुन्हा खाली गेले.

“दांडा वाकला नाही जी,” मिस्त्री म्हणाले. “वाकला असता तं असा वर आला नसता. हे वजनानं नाही झुकून राहिलं, ढिलाईनं झुकून राहिलं.”

ही ढिलाई शोधण्याची त्यांची रीत प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. पुतण्याला टोक वरखाली हलवावयास सांगून त्यांनी एकेका सांध्यावर बोट ठेवले, अर्धे एका भागावर व अर्धे दुसऱ्यावर. दोन्ही भाग बोटाखाली एकदम हलले, तर सांधा घट्ट. एक हलला आणि दुसरा जागीच राहिला, तर दोष तेथे. सांगाड्यावरचे बोल्ट घट्ट होते. वेल्डिंगच्या कडेला रंग तडकलेला किंवा गंजाची बारीक रेघ उठलेली नव्हती. मात्र नळी व दांडा यांत सुमारे २ मि.मी. फट होती आणि बिजागरीची भोके झिजून लांबट झाली होती.

एवढ्याशा फटीने दोन बोटे उतार कसा पडतो, याचा हिशेब आम्ही तेथेच कागदावर मांडला. दांडा नळीत १५ सें.मी. गेलेला आणि टोक तेथून ९० सें.मी. दूर, तेव्हा २ मि.मी. ची फट टोकाला सहापट, म्हणजे १२ मि.मी. होऊन दिसते. बिजागरीच्या दोन बोल्टांत अंतर अवघे ५ सें.मी. आणि तेथून टोक ६० सें.मी.; तेथली तेवढीच ढिलाई बारापट होऊन २४ मि.मी. भरते. दोन्ही मिळून ३६ मि.मी., म्हणजे बरोबर दोन बोटे. सांध्याची बैठक जितकी आखूड, तितकी त्याची लहानशी चूक मोठी दिसते.

पुतण्या म्हणाला, “मग सगळे वेल्डिंगच करून टाका.” मिस्त्री हसले. “मंग जोर जाईन कुठं? बाजूनं फाटन. बंडीच्या आसाला खीळ असते, तिले कोणी वेल्डिंग करते का?”

त्यांनी नळीच्या मापाची पत्र्याची पट्टी कापली, ती आत घसरू नये म्हणून तिचे टोक तोंडाशी काटकोनात वळविले आणि दांड्याखाली सारली. नळी व दांडा यांना बाहेरून आवळणारा यू-बोल्ट लावला. बिजागरीची लांबट भोके ड्रिलने १६ मि.मी. ची गोल करून त्यांत त्याच मापाचे पोलादी बोल्ट बसविले. हादऱ्याने फिरू नये असे नायलॉनच्या कड्याचे नट लावले. मग दोन गोष्टी बजावल्या. जड सायकल नेहमी मोटारीच्या अंगाला ठेवावी, हलकी बाहेर; आम्ही नेमके उलटे केले होते. आणि पन्नास किलोमीटर गेल्यावर प्रत्येक नटाला पाना लावून पाहावा. “हे घरी जायापुरतं आहे. घरी गेले की बिजागरी नवी घ्या,” हेही त्यांनी आपणहून सांगितले. सायकलींमुळे मोटारीचा क्रमांक व मागचे दिवे झाकले जात होते, तेही आम्ही मांडणी बदलून मोकळे केले.

त्या दिवशी दुपारी बहिणीचा नातू पणजोबांच्या सायकलीवरून आम्हांला संत्र्यांच्या बागेकडे घेऊन गेला. झाडे फळांनी वाकली होती आणि माळ्याने त्यांना खालून बांबूंचे टेकू दिले होते. वाटेत कापूस वेचून परतणाऱ्या बायांनी त्या काळ्या सायकलीकडे कौतुकाने पाहिले. तिची घंटा अजून खणखणीत वाजते.

परतताना मागे एकच हलकी सायकल होती. मुलताईला थांबलो तेव्हा पुतण्या काही न बोलता उतरला, कॅरियरचे टोक एका हाताने हलविले आणि दुसऱ्या हाताचे बोट सांध्यावर ठेवले. दोन्ही भाग एकदम हलत होते. मग त्याने पाना काढून प्रत्येक नट एकवार पाहिला, आणि त्यानंतरच आम्ही चहा घेतला.