वॉर्डातली नोंद कोणाच्या हातात?

दवाखान्यात कॉम्प्युटर आला की दिरंगाई, हयगय आणि भेदभाव आपोआप जातील, असं सांगणारे लोक मला वरचेवर भेटतात. त्यात आपलेच शिकलेले तरुणही असतात. मी कॉम्प्युटरच्या विरोधात नाही. सरकारी दवाखान्याचं सगळं काम त्याच्यावर यावं असंच मला वाटतं. पण नोंद कागदावरून स्क्रीनवर गेली म्हणजे न्याय झाला, हे मला मान्य नाही. नोंद कोणी लिहायची, कोणी वाचायची आणि कोणी तिला हातही लावायचा नाही, हा प्रश्न आपल्या समाजाला तरी नवा नाही.

मी पिंप्राळ्यात राहते. समाजशास्त्रात एम.ए. केलं, पण माझं बरंचसं शिक्षण ओपीडीच्या रांगेत झालं, कारण वस्तीतल्या पेशंटबरोबर जाणं हे माझं नेहमीचं काम आहे. हुडकोतल्या घराघरांत खिळ्याला एक कॅरीबॅग टांगलेली दिसते. तिच्यात केसपेपर, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, मेडिकलची बिलं. पावसाळ्यात ओल लागते, शाई पसरते. डॉक्टर विचारतात, "आधी कोणती गोळी चालू होती?" बाई सांगते, "पांढरी, बारीक." मग तपासण्या पुन्हा पहिल्यापासून. खासगीत केलेली सोनोग्राफी, कर्जाने काढलेली, चिठ्ठी हरवली म्हणून वाया. ज्याचा फॅमिली डॉक्टर ठरलेला आहे त्याचा आजार डॉक्टरच्या लक्षात राहतो. आमच्या माणसाला दर खेपेला नवा डॉक्टर भेटतो, म्हणून नोंदीची खरी गरज त्यालाच आहे.

नोंद नसली तर काय होतं हे जळगावने २०२० मध्ये पाहिलं. कोरोनाच्या पहिल्या लाटेत, जूनच्या सुरुवातीला, भुसावळची ८२ वर्षांची एक आजी जळगावच्या जिल्हा रुग्णालयात दाखल झाली आणि बेपत्ता झाली. घरचे शोधत राहिले, पोलिसांत तक्रार गेली. १० जूनला तिचा मृतदेह त्याच रुग्णालयातल्या शौचालयात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जणांवर निलंबनाची कारवाई झाली. देशभर बातम्या आल्या, बहुतेक सगळ्या डॉक्टरांच्या बेजबाबदारपणाच्या. मला मात्र तेव्हापासून एकच गोष्ट सतावते. इतके दिवस त्या वॉर्डात शिफ्ट बदलल्या असतील, औषधं वाटली असतील, जेवण आलं असेल. दर वेळी कोणीतरी खाटा मोजायला हव्या होत्या आणि एक खाट रिकामी का, हे पुढच्या माणसाला विचारायला हवं होतं. टीमवर्क म्हणतात ते हेच, एकाने पाहिलेलं दुसऱ्याच्या हाती सुखरूप पोहोचणं. चांगली इलेक्ट्रॉनिक नोंद नेमकं हे करू शकते. डोस द्यायची वेळ टळली, पेशंट खाटेवर नाही, तर स्क्रीन गप्प बसत नाही.

पण स्क्रीनवर लिहिणार कोण?

शहरातल्या एका रुग्णालयात मी आमच्या गल्लीतल्या एका शुगरच्या पेशंटजवळ बसले होते. झाडूपोछा करणाऱ्या मावशीने मला हळूच बाहेर बोलावलं. "ताई, ह्या बाबाचं ताट कालपासून भरलेलंच परत जातंय. इन्सुलिन तर टोचताहेत." चार्टवर इन्सुलिनची वेळ होती, सही होती, सगळं बरोबर होतं. बाबाने खाल्लं की नाही हे मात्र कुठेच नव्हतं. मी सिस्टरला सांगितलं, तिने लगेच शुगर तपासली. खाली आली होती. ग्लुकोज लावलं, बाबा सावरले. मावशीला विचारलं, तुम्ही स्वतः का नाही सांगितलंत? ती म्हणाली, "आम्ही सांगितलं तर म्हणतात, तू डॉक्टर आहेस का?"

वॉर्डात सर्वांत जास्त वेळ पेशंटजवळ कोण असतं? सफाईवाली मावशी, आया, वॉर्डबॉय आणि नातेवाईक. यातले सफाईचे हात बहुतांशी ठेकेदारीवरचे आणि कोणत्या जातींचे, हे मी वेगळं सांगायला नको. नवी सिस्टिम येते तेव्हा डॉक्टर, नर्स, लॅब, औषधभांडार, बिलिंग यांना लॉगिन मिळतं. मावशीला मिळत नाही. म्हणजे जे वॉर्डात बोलून दाखवता येत नव्हतं ते सॉफ्टवेअरमध्येही लिहिता येत नाही. पूर्वी निदान अलिखित होतं, आता ते प्रोग्रॅममध्येच बसलं. तिच्यासाठी दोन बटणं पुरतात: 'जेवला नाही', 'खाटेवर नाही'. चित्र काढून द्या, अक्षरओळखही लागणार नाही.

आणि टीम ही जातीबाहेर असते, असं कोणी सांगू नये. डॉ. पायल तडवी आपल्या जळगावची लेक. तडवी भिल समाजातून शिकून ती मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोग विभागात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने जीवन संपवलं. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली वरिष्ठ सहकारी डॉक्टरांना अटक झाली, आरोपपत्र दाखल झालं. जिथे डॉक्टरवर ही वेळ येऊ शकते तिथे सफाई कामगाराचा शब्द वरपर्यंत जाईल, ही अपेक्षा कोणत्या आधारावर करायची?

मशीनवर आंधळा विश्वासही नको. जुलै २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतली एचएमआयएस ही प्रणाली खासगी कंपनीबरोबरचा करार संपताना बंद पडली आणि केसपेपर पुन्हा हाताने लिहायची वेळ आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तिथेही काही दिवस काम कागदावर चाललं. दोन्ही वेळा रांगेत उभा राहिला तो गरीबच.

चांगलं उदाहरणही घरातलंच आहे. क्षयरोगाचं निक्षय पोर्टल घ्या. खान्देशातला माणूस पोटासाठी सुरतला जातो, ऊसतोडीला जातो. पूर्वी औषध मध्येच सुटायचं. आता निक्षयवरच्या नोंदीवरून उपचार दुसऱ्या गावी वर्ग करता येतो, आणि पोषण आहाराचे पैसे खात्यावर येतात. हे २०१८ पासून महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. खात्यावर आणि आधारवर नाव वेगवेगळं असलं की ते पैसे अडकतात, तो वेगळाच जाच. तरी नोंद माणसामागे चालत जाऊ शकते, हे निक्षयने दाखवलं.

मागे चालणारी नोंद पाठलागही करू शकते. सिकलसेलच्या तपासण्या १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत होत आहेत, कार्डं वाटली जात आहेत. भिल, पावरा समाजात आणि विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजात हा आजार आहे. वाहक मुलीचं कार्ड सोयरिकीत कोणी पाहिलं तर काय होतं, हे आयांना विचारा. आभा क्रमांक १४ आकडी आहे, ऐच्छिक आहे, माहिती दाखवायला पेशंटची संमती लागते. कागदावर सगळं छान. पण ओटीपी येणारा मोबाइल नवऱ्याजवळ किंवा मुलाजवळ असेल, तर संमती कोणाची झाली?

मला हवं आहे ते याच्या उलट, पेशंटलाच आधी वाचता यावं. अमेरिकेत २०१० मध्ये बोस्टनसह तीन ठिकाणच्या १०५ डॉक्टरांनी आपल्या नोंदी पेशंटना वर्षभर उघड्या केल्या. वर्ष संपल्यावर जवळजवळ सर्व पेशंट म्हणाले हे चालू ठेवा, आणि एकाही डॉक्टरने ते बंद केलं नाही. आपल्याकडे डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत आणि तेही मुंगीच्या पायांचं. एका आजीने मला अहिराणीत विचारलं होतं, "मना आजार, मना कागद, मंग माले का वाचता येत नही?" तिला मी काय समाजशास्त्र सांगू?

तोवर जे हातात आहे ते वापरू. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांप्रमाणे पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने नोंदी मागितल्या तर डॉक्टरने ७२ तासांच्या आत द्यायच्या आहेत, आणि आंतररुग्णाच्या नोंदी ३ वर्षं जपायच्या आहेत. त्यासाठी वकील लागत नाही. साध्या कागदावर मराठीत अर्ज करा: पेशंटचं नाव, वॉर्ड, दाखल तारीख, आणि कोणत्या नोंदी हव्यात ते, म्हणजे केसपेपर, नर्सिंग चार्ट, तपासण्या, डिस्चार्ज कार्ड. अर्ज लिहायला अडचण असेल तर रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात असतो, तिथे बसून लिहू. अर्ज दोन प्रतींत करा, एक जवळ ठेवा आणि तिच्यावर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.