शंभरावर पाच

आमच्या घरात तीन पिढ्या तेंदूपत्त्याच्या मुंशीगिरीवर जगल्या. दादाजान, अब्बा आणि चाचा, मग आम्ही भाऊ. घर चंद्रपूरला, गोंड राजांच्या परकोटाच्या आत. पण मे महिना लागला की घरातले पुरुष गडचिरोलीच्या जंगलात. वही, सुतळी, दाभण आणि अम्मीने बांधून दिलेले लोणचे घेऊन आम्ही धानोरा, एटापल्लीकडे निघत असू. हंगाम थोड्या दिवसांचा, पण त्यावर घराचे बरेच महिने निघत.

आपल्याला यातले सगळे येते असे आम्ही समजत होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपांची खुटकटाई करायची, दीडेक महिन्यात नवे पान फुटते. पहाटे माणसे तोडायला जातात, दुपारी घरी बसून सत्तर पाने एकावर एक लावून पुडके बांधतात, संध्याकाळी ते फळीवर येते. पाने वाळवायची मोकळी जागा, तिला आमच्याकडे फळी म्हणतात. अशा हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. पान कधी पलटायचे, बोऱ्यात भरण्याआधी किती पाणी शिंपडायचे, हे आम्ही हाताने ओळखत होतो. कमी पडले तर पानाचा चुरा होतो, जास्त झाले तर बुरशी येते. आभाळ भरून आले की छातीत धडधड सुरू व्हायची. एक अवकाळी पाऊस आणि सगळी फळी काळी.

आणखी एक गोष्ट आम्ही शिकलो होतो. शंभर पुडक्यांमागे पाच वरची घ्यायची. काही फाटकी निघतात, काहींत पाने कमी भरतात, म्हणून. ठेकेदाराला ती हवी असत आणि आमची रोजी त्याच्या हातात होती, हे खरे. पण आम्हीही वहीत त्या पाचांचा रकाना कधी आखला नाही, हेही तितकेच खरे. फजरची नमाज न चुकवणारे अब्बा याला दस्तूर म्हणत. दस्तुराला कोण विचारतो?

तेंदूचा व्यापार १९६९ च्या कायद्याने सरकारच्या ताब्यात आला आणि घटकांचे लिलाव ठेकेदारांना होऊ लागले. आम्हाला एवढीच दुनिया ठाऊक. पुढे १९९६ चा पेसा आला, २००६ चा वनहक्क कायदा आला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी त्या गावाच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक दिले. त्या रस्त्याने आम्ही वर्षानुवर्षे गेलो, पण गावात काय चालले आहे हे पाहायला एकदाही उतरलो नाही. २०१४ मध्ये पेसाचे नियम झाले आणि ग्रामसभा स्वतः तेंदूचा लिलाव करू लागल्या. अब्बा म्हणाले, "दोन हंगामात बुडतील." आम्हीही हसलो.

२०१६ च्या मे महिन्यात आमच्या फळीच्या गावाने बारावी झालेली एक मुलगी वही घेऊन आमच्या शेजारी बसवली. ठेकेदाराची वही आमच्याकडे, ग्रामसभेची तिच्याकडे. पहिल्याच संध्याकाळी तिने विचारले, "हे शंभरावर पाच कशाचे जी, मुंशीजी?"

आम्ही दोघे भाऊ एकमेकांकडे पाहू लागलो. फाटक्या पुडक्यांचे सांगून पाहिले. ती म्हणाली, "मंग फाटके वेगळे काढा ना जी. पाहू किती निघते." पाचशे पुडकी सोडून पाहिली. वाईट निघाली चार.

त्या रात्री झोप आली नाही. सूरह मुतफ्फिफीन आम्हाला लहानपणापासून पाठ. घेताना पुरे घेऊन देताना मापात मारणाऱ्यांना तिच्यात इशारा आहे. तिचा संबंध आम्ही किराणावाल्याच्या तागडीशी जोडत आलो. आमच्याकडे तागडी नव्हतीच, आम्ही तर मोजत होतो!

दुसऱ्या दिवशी आम्ही पाच घेणे बंद केले. ठेकेदाराने पुढच्या वर्षी बोलावले नाही. एका भावाने मुंशीगिरी सोडून मोबाईल रिचार्जचे दुकान टाकले. उरलेल्यांना त्याच ग्रामसभेने बोलावले, पान वाळवण्यावर लक्ष ठेवायला. अट दोन: रोजचा हिशेब सगळ्यांसमोर वाचायचा आणि अभ्यासगटात बसायचे. गावची माणसे मेंढ्याला जाऊन आली होती. एखादा विषय समजेपर्यंत बसून बोलायचे आणि सगळ्यांच्या सहमतीने ठरवायचे, ही रीत त्यांनी तिथून आणली होती. आम्हाला आधी तो वेळेचा नाश वाटला. चार जणांना विचारून काम करायची आम्हाला सवय कुठे? पण २०१७ मध्ये तेंदूवर १८ टक्के जीएसटी लागला तेव्हा तो भावावर काय परिणाम करील हे आम्हालाही सांगता येईना. त्या मुलीबरोबर कागद वाचून शिकलो. (हा कर २०२५ च्या सप्टेंबरात ५ टक्क्यांवर आला, तेही तिनेच फोन करून कळवले.) आणि पाण्याचा अंदाज आम्ही त्यांना शिकवला, तेवढे तरी आमच्यापाशी होते.

लाज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. २०१९ मध्ये रमजान ऐन हंगामात आला. रोजे आणि डोक्यावर ते ऊन. इफ्तारच्या वेळी मोजणी थांबवायचे गावानेच ठरवले. एका संध्याकाळी आम्ही खजूर तोंडात टाकून बसलो होतो आणि एक म्हातारी आपली पुडकी स्वतःशीच मोजत होती: उंदी, रंड, मूंद... तीन पिढ्या फळीवर गेल्या आणि गोंडीत दहापर्यंत मोजणे आमच्यापैकी एकालाही येत नव्हते. त्यांचा आकडा आम्हाला कळला नाही म्हणून काही अडले नव्हते. अडले असेल तर त्यांचे.

त्या वर्षी मोजायला शिकलो. पोरे हसायची, आम्ही पुन्हा म्हणायचो.

अब्बा मात्र त्या गावी पुन्हा आले नाहीत. हंगाम संपवून घरी आलो तेव्हा त्यांनी विचारले, "वरची घेता?"

"नाही, अब्बा."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग वही मागितली, चष्मा लावला आणि बेरजा तपासत बसले. जोहर झाली, असर झाली. एका पानावर तीन पुडक्यांची चूक निघाली. आमचीच.