हातचा येईपर्यंत

पावसाळी रविवारची दुपार, वीज गेलेली. मुलीची चौकटींची वही पुढ्यात ओढून मी नऊ एक्क्यांना नऊ एक्क्यांनीच गुणायला बसलो. प्रत्येक ओळ तीच, फक्त एकेक घर डावीकडे सरकलेली. मग उभी बेरीज. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, मधोमध नऊ आणि तिथून पुन्हा उतरण. उत्तर आलं : १२३४५६७८९८७६५४३२१.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानं दिली आहेत. माझा हा डोंगर सतरा अंकी. ‘मध्य’ या स्थानाशी थांबलेला, परार्धाला एक घर कमी.

अशा संख्यांना ‘डेमलो’ हे नाव दिलं द. रा. कापरेकरांनी. १९०५ साली डहाणूत जन्मलेले, देवळालीच्या शाळेत मास्तरकी करणारे कापरेकर. डेमलो म्हणजे आपली डोंबिवली; जीआयपी रेल्वेवरच्या त्या स्थानकाचं नाव त्यांनी संख्यांना देऊन टाकलं. आज सकाळी साडेआठला त्या फलाटावर धड उभं राहता येत नाही, संख्या कुठल्या सुचायला!

स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद’ म्हटलं. मी बेरीज केली : ८१. भाग दिला, बाकी शून्य. म्हणजे आमचा डोंगर हर्षदही निघाला.

मग हाव सुटली. दहा एक्के मांडले. मधल्या रकान्याची बेरीज दहा झाली. शून्य लिहिलं, हातचा एक. शेजारच्या नवाचे दहा झाले, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्यापुढच्या आठाचे नऊ. उत्तर : १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ गायब, शिखरावर दोन शून्यं. वाईट वाटलं. गुणाकारात चूक नव्हती, तरी काहीतरी मोडलं होतं.

पण मोडलं ते कुणाचं? आपल्याला बोटं दहा, म्हणून दहाला हातचा. डझनानं मोजणाऱ्यांच्या वहीत हाच डोंगर अकरा एक्क्यांपर्यंत सुखेनैव चढला असता. मी ज्याला संख्येचं रूप समजत होतो, ते आपल्या लिहिण्याच्या रीतीचं रूप होतं. लुगडं नेसवलं आपण आणि कौतुक केलं देहयष्टीचं.

संख्येचं स्वतःचं म्हणावं असं काय उरतं? मी अवयव पाडले. नऊ एक्के म्हणजे ९ × ३७ × ३३३६६७. शेवटच्या दोघांना आणखी फोडता येत नाही. बोटांनी मोजा, डझनानं मोजा की गोट्या रचून. ते बदलत नाहीत. मात्र ३३३६६७ कडे पाहून कुणी ‘वा!’ म्हणणार नाही. कसला चढ नाही, उतार नाही.

वहीच्या त्या पानावर आता दोन्ही आहेत. डोंगर आपला आहे, ३३३६६७ संख्येचा.