पैलतीरावरच्या ख्रिस्तियानाबाईंना

श्रीमती ख्रिस्तियानाबाई यांस,
सप्रेम सलाम.

पत्रास कारण की, तुमच्या नावामागे काय लिहावं इथेच मी दोन दिवस अडले. सौ. लिहिता येत नाही. आमच्या हिंदू शेजारणी गं. भा. लिहितात, म्हणजे गंगाभागीरथी. आमच्या मंडळीत तशी चाल नाही. पण नवरा गेलेल्या बाईच्या नावाला नदी का जोडली असेल, याचा विचार मी यंदा पहिल्यांदा केला. तुमची तर सगळी गोष्टच मरणाच्या नदीपाशी येऊन थांबते.

इकडची हकीकत अशी. ईस्टरच्या दोन आठवडे आधी हे प्रभूमध्ये झोपी गेले. पाळकसाहेब आले, सांत्वनाच्या प्रार्थना झाल्या, चहाचं पातेलं चुलीवरून उतरत नव्हतं. येणारा प्रत्येक जण एकेक वचन वाचून जाई. वचनं खरी होती, शब्बाथशाळेपासून पाठ होती. पण प्रत्येक वचन माझ्याकडे तोंड करून उभं राही आणि विचारी, विश्वास आहे ना? त्या दिवसांत माझ्याजवळ उत्तर नव्हतं. संध्याकाळी मुलगी जॉन बनियन यांच्या पुस्तकातली तुमची गोष्ट इंग्रजीतून वाचायची आणि मला मराठीत सांगायची. तुम्ही मला काही विचारलं नाही. तुम्ही आपल्या वाटेने चालत होतात, मी मागून रखडत आले तरी चालत होतं.

तुमच्या यजमानांची, तुमच्याआधी त्याच वाटेने गेलेल्या त्या यात्रिकाची, ओळख जुनी. हरी केशवजींनी १८४१ साली ‘यात्रिकक्रमण’ या नावाने त्यांना मराठीत आणलं, तेव्हा ‘यमुनापर्यटन’ ही आपली पहिली कादंबरी यायला अजून १६ वर्षं होती. शब्बाथशाळेत त्यांच्या पाठीवरच्या ओझ्याचं चित्र आम्ही सगळ्यांनी काढलेलं. तेव्हा ते मला शूर वाटत. आता राग येतो. बायकामुलं हाका मारताहेत आणि हे कानांत बोटं घालून धावत सुटले! मागे राहिलेल्यांनी काय करायचं? जॉन बनियन यांनी त्यांची गोष्ट १६७८ मध्ये छापली आणि तुमची १६८४ मध्ये. तुम्हाला सहा वर्षं थांबावं लागलं. पण लिहिणाऱ्या त्या माणसावर मला फार रागावता येत नाही. भांडी सांधून पोट भरणारा तो. पहिली बायको चार लेकरं मागे ठेवून गेली, त्यात थोरली आंधळी. पुढे उपदेश थांबवीना म्हणून बेडफर्डच्या तुरुंगात बारा वर्षं. मागे राहणं काय असतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

म्हणूनच तुमचं दुःख त्याने बरोबर जागेवरून सुरू केलं. नवरा गेला म्हणून नव्हे, तो असताना आपण त्याच्याशी किती तुटक वागलो, या आठवणीने तुम्ही रडता. तिथे मी मुलीला पुस्तक मिटायला सांगितलं. शेवटच्या रात्री हे म्हणाले होते, “जरा बस ना इथे.” मी म्हटलं, “भांडी पडलीत,” आणि आत गेले. ती भांडी मला कुठल्याच वचनात सापडली नव्हती. तुमच्यात सापडली.

एक तक्रार मात्र आहे. तुम्हाला पैलतीरावरून पत्र आलं, खूण म्हणून प्रेमाने धार लावलेला बाण आला. मुलांना आशीर्वाद द्यायला, बोटातली अंगठी सोबत्याला द्यायला सवड मिळाली. आमच्या ह्यांना कुठलं पत्र? पहाटे पाणी मागितलं, आणि मी तांब्या घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. तुम्ही निघालात तेव्हा मुलं रडली, आणि तुमचे सोबती आनंदाने झांजा नि वीणा वाजवू लागले. ते वाजवणं मला अजून सोसत नाही.

उपकार मानायचे आहेत ते तुमच्या वाटाड्याने सांगितलेल्या त्या भित्र्या यात्रिकाबद्दल. तो वाटेतल्या सिंहांना घाबरला नाही, पण शेवटी आपल्याला आत घेतील की नाही, या धास्तीने वाळून गेला. नदी दिसली तेव्हा म्हणाला, आता बुडणार. आणि नेमकं तेव्हाच पाणी इतकं उतरलं होतं, की वाटाड्याने जन्मात तसं पाहिलं नव्हतं. जेमतेम जोडे भिजले आणि तो पार झाला. आमचे हे तसेच. उपासनेत उभं राहून कधी मोठ्याने प्रार्थना केली नाही. म्हणायचे, “आपलं कोण ऐकणार?” आमच्या नगरची सीना उन्हाळ्यात असते तेवढंच पाणी त्यांना लागलं असेल, असं मी धरून चालले आहे. कुणी म्हणेल, बायबल सोडून रचलेल्या गोष्टीवर काय विसंबतेस? बनियन यांनाही काहींनी तुमच्या यजमानांची गोष्ट छापू नकोस असंच सांगितलं होतं. मी एवढंच सांगते, की ते पान ऐकलं त्या रात्री मी पहिल्यांदा सलग झोपले.

आता विनंती. हे तिकडे भेटले तर सांगा, भांडी दुसऱ्या दिवशीही घासता आली असती. आणि हे पत्र इकडच्या कुणाच्या हाती पडलं तर त्यांनाही माझं सांगणं आहे: दुःखाच्या घरी वचन घेऊन जाता, तशी एखादी गोष्टही घेऊन जा. आठवडाभराने जा, गर्दी ओसरल्यावर. आणि वाचून झाल्यावर काही विचारू नका.

तुमच्या मुलांचं नदी ओलांडणं बनियन यांनी दाखवलेलं नाही. ती अजून अलीकडेच आहेत, तिथली मंडळी वाढावी म्हणून काही काळ राहणार आहेत, एवढं कानावर आल्याचं सांगून ते पुस्तक मिटतात. माझी मुलगीही इथेच आहे. येत्या रविवारी आम्ही दोघी उपासनेला जाणार आहोत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
अलीकडच्या काठावरची एक वाचक