फोटोतला काळा ठिपका

आज मोबाइलवर दिवसाला पन्नास फोटो निघतात. पण आपल्या घरच्या भिंतीवर आजी-आजोबांचे जे जुने फोटो टांगलेत, त्यांतले कितीतरी मोठ्या लाकडी कॅमेऱ्यानं काढलेले आहेत. त्या कॅमेऱ्यात एका वेळी एकच फिल्म लागते. ती ज्या चपट्या चौकटीत घालतात तिला होल्डर म्हणतात. दोन बाजूंना दोन फिल्म, आणि प्रत्येकीवर सरकणारी काळी पाटी.

माझ्या मामांचा कल्याणला स्टुडिओ होता. १९७८ साली दहावी झाल्यावर मी त्यांच्या हाताखाली राहिलो. मुरबाड-शहापूरकडची मंडळी बाजाराला आली की फोटोला बसत. मामांनी मला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. सहा महिने होल्डरच पुसायला लावले.

धुळीचा कण फिल्मवर बसला की त्याच्याखाली उजेड पोचत नाही. कागदावर तेवढाच काळा ठिपका उमटतो. पांढरा ठिपका ब्रशानं रंगवून झाकता येतो, काळा घालवणं फार जिकिरीचं. मामा म्हणत, "अरे, ही म्हातारी जन्मात एकदा कॅमेऱ्यापुढं बसते. पुन्हा तिला कोण आणणार?" म्हातारी गेल्यावर मुलं त्याच निगेटिव्हवरून मोठा फोटो करायला येत. ठिपका डोळ्यावर असला तर तोही मोठाच होणार.

काम सोपं, पण चिकाटीचं. पाटी पूर्ण बाहेर काढायची. होल्डर उभा धरून कडेवर हलकेच ठोकायचा. मऊ कोरड्या ब्रशानं कोपरे आणि खाचा झाडायच्या. तोंडानं फुंकायचं नाही, थुंकीचे बारीक थेंब उडतात. रबरी फुग्यानं हवा मारायची. पाटी जिथून आत शिरते तिथं मखमलीची पट्टी असते. ती उजेड अडवते, पण धूळही धरून ठेवते. तिला तेल लावायचं नाही. पाटी सावकाश ओढायची. जोरानं ओढली तर घासून वीज तयार होते आणि फिल्म धूळ खेचून घेते.

महिन्यातून एकदा अंधाऱ्या खोलीत होल्डरच्या आत बॅटरी धरून बाहेरून पाहायचं. बिजागरीच्या कापडातून किंवा चिरेतून उजेड दिसला तर तिथं काळं कापड चिकटवायचं. पाटीच्या मुठीची एक बाजू पांढरी, एक काळी. पांढरी बाहेर म्हणजे फिल्म कोरी, काळी बाहेर म्हणजे फोटो झालेला.

फिल्म भरायच्या आधी मामी त्या खोलीत पाणी शिंपडायच्या. धूळ खाली बसायची. अंगणात सडा घालणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही.

कोकणातल्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, बुरशी धरते. म्हणून मामांचे होल्डर मी आजही दसऱ्याच्या सुमारास कोरडे पुसून सावलीत हवेला ठेवतो.

तुमच्या माळ्यावर जुन्या काचा किंवा निगेटिव्ह असतील तर त्या पाण्यानं धुऊ नका, चेहऱ्याचा लेप सुटू शकतो. कडेला धरा, मऊ ब्रशानं झाडा, स्वच्छ कागदात वेगवेगळ्या गुंडाळा. आणि वर नाव लिहून ठेवा. ओळखणारं माणूस घरात आहे तोवरच.